आधीच वापरात असलेलं बटण

मुलीने पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं आणि प्रोग्रॅमने पुन्हा तोच हेका धरला : 'हे बटण आधीच वापरात आहे. जुनं वाक्य काढून टाकायचं का?'

वाचा गेल्यापासून आईच्या वतीने हा कॉम्प्युटर बोलत असे. एक बटण, एक वाक्य. जन्मभर टायपिंगचे क्लास घेऊन पोरांच्या बोटांवर पट्टी मारलेल्या या बाईची आता डाव्या हाताची दोनच बोटं हलत होती, आणि ती पाच बटणांपलीकडे पोचत नव्हती. पाचही भरलेली. त्यात नर्सबाईंनी सकाळी बजावलं होतं, 'श्वास लागतोय' हे वाक्य हाताशी हवंच. म्हणजे कुणाला तरी जागा सोडावी लागणार होती.

"आई, 'दिवा मालव' काढू? दिव्याचं मी बघते."

आईने दोनदा डोळे मिटले. दोनदा म्हणजे नाही.

"'कूस बदल'? ती तर मी तशीही बदलतेच."

नाही.

"'पाणी'?"

नाही.

"कमाल आहे हं तुझी. मग काय 'जवळ बस' काढू? आयती सुटका होईल माझी."

नाही.

पाचव्या बटणाचं तिने नावच काढलं नाही. त्यावर 'दादा आला का?' होतं. आई ते रोज संध्याकाळी दाबायची आणि मुलगी रोज हसऱ्या चेहऱ्याने सांगायची, "रजा मिळत नाहीये गं त्याला." दादा अपघातात गेला त्याला बरेच महिने झाले होते. आईला धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑफिसचं काम सांगून ती भावाला शेवटचं बघून आली, सुजलेले डोळे सर्दीवर ढकलले, आणि तेव्हापासून कधी मनासारखं रडलीसुद्धा नव्हती. आता ते वाक्य काढावं, तर आईला संशय यायचा.

"राहू दे मग. जागा नाही म्हणून सांगते नर्सबाईंना."

आईचं बोट सावकाश सरकलं आणि पाचव्या बटणावर जाऊन थांबलं. तिने ते दाबलं मात्र नाही.

"हे?" मुलीने विचारलं. "हे नको गं. हे तर तुला रोज लागतं."

आईने एकदाच डोळे मिटले. एकदा म्हणजे हो. उघडले तेव्हा ते भरून आले होते.

मुलीने 'काढा'वर क्लिक केलं. वाक्य गेलं. मग ती पडद्यावरून आईकडे वळली.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं. "मग रोज कशाला विचारत होतीस गं?"

याचं उत्तर कुठल्याच बटणावर नव्हतं. आईच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठत नव्हता. मुलीने आधी ते पुसलं, आणि मग तिच्यासमोरच हुंदका फुटू दिला.