संत्र्याच्या बुडाशी पीठ

"माणिक, तुह्या पोटात घास जायाच्या अगुदर मुंग्याईच्या तोंडी पीठ गेलं पायजे. मी असो का नसो."

सासूबाई पार्वताबाई हे बोलल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. माणिकबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. शेंदूरजनाघाटच्या त्या मळ्यात, विहिरीजवळच्या पाच संत्र्यांच्या बुडाशी, साखर घातलेली कणीक रोज सकाळी चिमूटचिमूट पडत आली. ताप असो, पाहुणे असोत. त्याआधी माणिकबाई चहासुद्धा घेत नसत.

यंदा हिवाळ्याअखेरीचा आंबिया बहार धरला, फळ बोराएवढं झालं आणि नेमकी तीच पाच झाडं काळी पडली. पानं हाताला चिकट लागायची, वर काजळी धरल्यासारखी. कोवळी पालवी आकसली, फळ गळू लागलं.

धाकटा दीर देवमन म्हणजे सगळं येणारा माणूस. मोबाइलवर दोन मिनिटं पाहायचं आणि तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्याला शिकवायचं. मागच्या महिन्यात त्याला या झाडांवर काटेरी, काळ्या, नारंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या. कोणाला विचारणं हा त्याच्या मते कमीपणा. दुकानदाराने दिलेलं सगळ्यात जहाल औषध त्याने दोनदा मारलं, मेलेल्या अळ्या तळहातावर घेऊन फोटो काढला आणि चार ग्रुपांवर टाकला. जणू वाघ मारला होता. झाडं त्यानंतरच जास्त काळी झाली, ते काही फोटोत नव्हतं.

आज तो एक पुडी घेऊन आला.

"वयनी, तुमी ज्याईले पोसून राहिल्या, त्याच झाडावर चढून राहिल्या. पाहा ह्या रांगा. उद्या हे कणकीत मिसळा. तुमच्या हातचं खातेत त्या."

माणिकबाईंनी पुडीकडे पाहिलं, मग दिराकडे. त्यांचा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता, आजही चढला नाही.

"भाऊजी, जेवाले बोलावून इख घालाचं, हे तुमाले कोन्त्या व्हिडिओनं शिकवलं?"

"आता मुंग्याईचंबी पाप लागते काय? देव तुमच्यावर खूश अन् इकडं बाग बुडाली! दादा, सांगा ना वयनीले."

दादा म्हणजे माणिकबाईंचे यजमान, नत्थुजी. ते सुपारी कातरत राहिले. भावाच्या आधी त्यांचं स्वतःचं मत झालेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं.

दुपारी प्रियदर्शनी आली. ही गावची कृषी सहायक, अकोल्याला शिकलेली. माणिकबाईंनीच गुपचूप निरोप धाडला होता. तिने एक डहाळी वाकवली आणि हातात भिंग दिलं.

"पाहा काकू."

पानाच्या पाठीला हिरवट मावा चिकटून रस ओढत होता. एक मुंगी आली, मिशांनी त्याच्या पाठीवर हलकं थोपटलं. मागून गोड थेंब आला. मुंगीने तो पिऊन टाकला.

"गाय पान्हवावी तसं करतात. उरलेला थेंब पानावर सांडतो, त्याच्यावर ही काजळी धरते."

तेवढ्यात मसुराएवढा लाल ढालकिडा फांदीवर उतरला. दोन मुंग्या धावल्या आणि पाय चावून त्याला खाली पाडलं.

"हा मावा खाणारा. याले त्या टिकू देत नाहीत."

बावीस वर्षं! माणिकबाईंना वाटे, आपण निष्पाप जीव पोसतो. आणि हे जीव चोरांची धार काढत होते, वर त्यांची राखणही करत होते. त्यांना राग नाही आला, किळस आली. घरची साखर मिळूनही जिभेची हाव सुटली नाही मेल्यांची. कीर्तनात पुढे बसून प्रसाद दोनदा घेणाऱ्या बाया दुसरं काय करतात?

"म्हनलं नोतं मी?" मागून आलेला देवमन फुगला.

"तुम्ही फवारा कशावर मारला होता?" प्रियदर्शनीने विचारलं.

त्याने मोठ्या अभिमानाने फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"ही ढालकिड्याचीच पिल्लं. मोठ्यांपेक्षा यांची भूक जास्त. तुमी पोलीस मारले, अन् वरून फोटो काढला."

"फोटो साफ नाई आला तो," देवमन म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकला.

"काकू, विष नका घालू. भुईला टेकलेल्या फांद्या छाटा, बुंध्याला चिकटपट्टी बांधा, म्हणजे त्यांना चढता येणार नाही. अन्..." ती अडखळली.

"अन् पीठ बंद," देवमनने तोडलं.

"बंद नाही. बुडाशी नको. तिथं रोज मिळते म्हणून तर बुडाशीच वारुळं झाली."

माणिकबाईंनी पुडी देवमनच्या खिशात परत सरकवली, मोबाइलच्या शेजारी. मग त्या देवघरासमोर जाऊन बसल्या. पीठ घाल, एवढंच सासूबाईंनी मागितलं होतं. मुंग्या भल्या निघाल्या तर घाल, असं नव्हतं मागितलं. आणि झाडाच्या बुडाशी घाल, असंही नाही. ते आपलंच. विहीर जवळ पडते, पार शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत कोण जातं! चार पावलं वाचवली आणि बावीस वर्षं त्याला व्रत म्हणत आलो. देवमनला हसायला आपल्याला तोंड तरी कुठे होतं?

सकाळी त्यांनी कणकीत साखर कालवली. वाटी पदराखाली धरली. ओट्यावर नत्थुजींचा चहा निवत होता, माणिकबाईंचा तर अजून मांडलाही नव्हता. पाचही बुंध्यांशी मुंग्या रांग धरून वाट पाहत होत्या, अगदी हक्काने.

माणिकबाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेताच्या पार टोकाला, धुऱ्यावरच्या पळसाकडे त्या अनवाणी चालू लागल्या.