मेलेल्या सचिनचा चहा

मुकेशचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि डोक्यात खूळ गुप्तहेरांच्या सिनेमाचं. लग्नातला ड्रोन, मित्रांच्या मोटरसायकली आणि मागून आणलेलं काळं जाकीट एवढ्या भांडवलावर त्यानं नाचणगावात ‘ऑपरेशन कपाशी’ नावाचा तासाभराचा सिनेमा उभा केला. त्यात हीरोचा जिवलग साथीदार पुलावर गोळ्या खाऊन मरतो आणि हीरो पेटून उठतो. साथीदाराच्या कामाला सचिन होता. दिसायचा चांगला, पडायचा त्याहून चांगला.

घोडं अडलं ते सचिनच्या आईपाशी. शकुबाईचं माहेर आष्टीकडचं. तिच्या गावी नाटकात जो मरेल त्यानं शेवटी उठून सगळ्यांसमोर पाण्याचा घोट घ्यायचा, अशी रीत होती. तो घेतल्याशिवाय त्याच्या घरचे जागचे हलत नसत.

“मार माह्या पोराले, बाबू, मी नाई म्हणत नाई,” ती मुकेशला म्हणाली. “पण तसाच मेलेला नोको सोडजो. उठवजो त्याले.”

मुकेशनं आधी कपाळाला हात लावला. मग विचार करता करता त्याला ते आवडायलाच लागलं. शेवटी सगळे दुश्मन लोळवून हीरो टपरीवर येतो, तर बाकावर सचिन बसलेला, बशीतून चहाचे फुरके मारतोय. कोणी काही विचारत नाही, कोणी काही सांगत नाही. हीरो त्याच्या शेजारी बसतो आणि सिनेमा संपतो. गावच्या चौकात पडदा बांधून दाखवला, तेव्हा पुलावरच्या सीनला शकुबाईनं तोंडात धरलेला पदर चहाच्या सीनला सुटला. अख्ख्या चौकानं शिट्ट्या मारल्या. मुकेशचं मन भरून आलं. हा सीन मी कोणाच्या बापाला कापू देणार नाही, असं तो त्यानंतर दिसेल त्याला छाती ठोकून सांगायचा.

मग वर्ध्याच्या एका चित्रपट मंडळानं बोलावलं. दुपारचा खेळ आणि नंतर चर्चा. पुण्याहून एक दिग्दर्शक पाहुणे म्हणून आले होते. त्यांना काम आवडलं तर पुढच्या सिनेमाला सहायक म्हणून घेतील, असं मंडळाचे प्रभाकरराव कानात सांगून गेले आणि मुकेश हवेत गेला. गावाहून जीप भरून माणसं आली होती. शकुबाई ठेवणीतलं पातळ नेसून दुसऱ्याच रांगेत बसली होती, शेजारी सचिन.

पाहुण्यांनी पाठलागाचं कौतुक केलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “पण गोळ्या खाऊन मेलेला माणूस शेवटी चहा कसा पितो? तो जिवंतच असेल तर हीरोनं सूड कसला घेतला? हा हीरोचा भास आहे, की तुमची चूक?”

लोक हसले. भास आहे म्हणाला असता तरी निभावलं असतं. मला असाच शेवट हवा होता म्हणाला असता, तर ते खरंही ठरलं असतं. पण हसू ऐकून मुकेशचे कान तापले आणि ज्या सीनसाठी तो गावभर छाती ठोकत फिरला होता, तोच त्यानं झटकून टाकला.

“माझी आयडिया नव्हतीच सर ती. मुलाच्या आईनं हट्ट धरला. अडाणी बाई आहे. तिला सिनेमातलं मरण आणि खरं मरण यातला फरक कळत नाही. आमच्याकडे अशा लोकांना सांभाळून घ्यावं लागतं.”

आता हॉल खदखदून हसला. पाहुणेही हसले, मुकेशही हसला. हसता हसता त्याची नजर शकुबाईवर गेली. सगळे हसताहेत म्हणून तीही हसत होती. मग पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागे वळून तिच्याकडे बघायला लागल्या, तेव्हा तिला कळलं. तिनं पदर सारखा केला आणि खाली बघत बसून राहिली. मुकेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो ‘थँक्यू सर’ म्हणाला.

“तो शेवट काढा आणि मला फोन करा,” जाताना पाहुणे म्हणाले आणि त्यांनी आपला नंबर दिला.

परतताना सचिन ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. मागे मुकेशच्या वाट्याला नेमकी शकुबाईशेजारची जागा आली. तिनं शिव्या द्याव्या, गावभर बोभाटा करावा, निदान तोंड तरी फिरवावं, असं त्याला वाटत होतं. सावंगी मागे पडली, देवळीचा फाटाही गेला. माफीचे शब्द त्याच्या तोंडाशी येत होते आणि जीपमधली माणसं ऐकतील म्हणून तो ते गिळत होता. इतकी माणसं ऐकत असताना बोलायला दुपारी त्याला काही वाटलं नव्हतं, आणि हे आठवून त्याला स्वतःचीच किळस आली.

शेवटी शकुबाईच त्याच्याकडे वाकली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली.

“बाबू, तो चहाचा सीन काढून टाकजो. माह्यापायी लोकं तुले हासले. मले नव्हतं मालूम एवढं होते म्हून.” मग म्हणाली, “त्याले गोळी लागते तवा मी डोये मिटून घेईन.”

सांगायचंच तर हीच वेळ होती. मावशी, तो सीन माझाच होता, एवढंच सांगायचं होतं.

“बरं, मावशी,” मुकेश म्हणाला.