जपून ठेवलेला सेल

मी एक सेल बोलतोय. घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तो नव्हे. ते बिचारे एकदा संपले की संपले. मी पुन्हा पुन्हा भरता येणारा लिथियमचा सेल. अंगठ्यापेक्षा जरा जाड, करंगळीपेक्षा जरा लांब, बूड सपाट आणि डोक्यावर छोटंसं बटण. तुम्ही आरामात बसून ऐका. मला मात्र आराम जमत नाही. अंगात वीज असली की ती बाहेर पडायला धडपडते, नसली की जीव आणखीच कासावीस होतो. असा माझा जन्मच चुळबुळ्या.

समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात मला बनवलं. एक तांब्याचा पातळ पत्रा, एक अॅल्युमिनियमचा, दोघांना काळा लेप, मध्ये पडदा आणि मग सगळ्याची घट्ट गुंडाळी. पुढे एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जरमध्ये बसलो असताना मीनाक्षीबाईंनी सुरळीच्या वड्या केल्या. त्या गुंडाळताना पाहून मला चक्क माहेर आठवलं.

पण मीनाक्षीबाई भेटायच्या आधी दिलीपराव भेटले. कोलकात्याच्या चांदनी मार्केटमध्ये एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मी पडून होतो, तिथे. दिलीपराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोल्हापूरचे. बायको, म्हणजे मीनाक्षीबाई, बँकेत; त्यांची बदली झाली बराकपूरच्या शाखेत, म्हणून दोघं इकडे आले आणि दमदमला भाड्याने राहिले. हा गृहस्थ स्वतःचा शर्ट दहा मिनिटांत घेतो, पण टॉर्चसाठी सेल घ्यायला त्याने तीन फेऱ्या मारल्या.

"ही टॉर्च पूर्ण उजेडावर किती करंट ओढते? हा सेल तेवढा देईल? आत सुरक्षेची चकती आहे का? बटणवालाच द्या, सपाट डोक्याचा या टॉर्चमध्ये टेकत नाही." सगळं आपल्या कोल्हापुरी हिंदीत. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "दादा, आप बैटरी ले रहे हैं या दामाद देख रहे हैं?"

मला त्या क्षणी कोण आनंद झाला! इतकं पारखून कुणी घेतंय म्हटल्यावर, आता घरी जातो न जातो तोच मला कामाला लावतील, अशी माझी खात्रीच झाली.

टॉर्चबरोबर एक सेल फुकट मिळाला होता. भडक नारिंगी कपड्यातला, आत वीज किती मावते ते अंगावर भल्यामोठ्या आकड्यांत लिहिलेलं, ९९००. माझ्या अंगावर फक्त ३०००. चार्जरमध्ये आम्ही शेजारी बसलो तेव्हा मी अंग चोरूनच बसलो. पण दिलीपराव हसले. "या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या फार वर कुणी भरून दाखवावं! नाव मोठं, लक्षण खोटं." नंतर नारिंगी हळूच मला म्हणाला की तो कुठल्याशा जुन्या लॅपटॉपमधून निघालाय, हे कपडे कुणीतरी वरून चढवलेत, आणि आकडा काय आहे ते त्याला स्वतःलाही वाचता येत नाही. मला त्याची दया आली.

आणि मग दिलीपरावांनी काय केलं ऐका. सगळं कळत असताना, तीन फेऱ्या मारून झाल्यावर, त्यांनी नारिंगीला टॉर्चमध्ये घातलं आणि मला एका प्लास्टिकच्या डबीत! "आहे तोवर हा फुकटचा वापरू. चांगला सेल जपून ठेवू, अडीनडीला."

त्या घरात सगळंच चांगलं जपून ठेवलेलं होतं. पाहुण्यांसाठी घेतलेल्या कपबश्या चार बदल्या झाल्या तरी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्यांना काय, त्या थंड असतात. मी काठोकाठ भरलेलो! पाय बांधून शर्यतीला उभं केल्यासारखं होत होतं मला. दर रविवारी दिलीपराव मला काढायचे, उगाच थोडं आणखी भरायचे आणि पुन्हा डबीत. डबी मीनाक्षीबाईंच्या पर्समध्ये.

आता मीनाक्षीबाईंचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. दिवसा नोटा, सह्या, चेहरे, सगळं लख्ख. उजेड उतरला की जग पुसून जातं. रस्त्यावरचा मिणमिणता दिवा त्यांना असून नसल्यासारखा, मोबाइलचा उजेड तर हातभरही पुरत नाही. कोल्हापुरात त्यांचं भागत होतं. थंडीतही सहापर्यंत उजेड, तोवर बाई घरात. बदलीचा हुकूम आला तेव्हा दोघांनी बसून हिशेब केला: बँक कधी सुटते, गाडी कधी मिळते, किती वाजता दमदमला पोहोचता येईल. सगळं जमत होतं. फक्त सूर्याला विचारायचं राहिलं. इथे डिसेंबरात पाच वाजले नाहीत तोच अंधार पडतो, हे आपल्याकडच्या माणसाला सुचणार तरी कसं?

म्हणून ती झगझगीत टॉर्च. शाखेत सगळ्यांना वाटायचं, मॅडम कुत्र्यांना घाबरतात. मीनाक्षीबाईंनी तो समज तसाच राहू दिला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. डोळ्यांचं कळलं तर मागच्या खोलीत बसवतील, नाहीतर गोड बोलून घरी पाठवतील, ही धास्ती. घरी दिलीपरावांचं रोजचं पालुपद असायचं. "सोड ना नोकरी. काय कमी आहे आपल्याला?" त्या आपल्या डबा भरत राहायच्या.

त्या संध्याकाळी त्या शाखेतून निघाल्या. स्टेशनकडे जाणारी गल्ली अरुंद, टोटो म्हणतात ती विजेवरची रिक्षासुद्धा आत येत नाही. एका बाजूला उघडं गटार. मी पर्समध्ये. वरून टॉर्चच्या खटक्याचा आवाज आला आणि नेहमीसारखी बाईंची चाल सुरू झाली. मग चाल अडखळली. नारिंगीचा दम सुटत होता. त्याला इतका करंट झेपतच नव्हता, महिनोन् महिने तो धापा टाकत रेटत होता. टॉर्च मंद झाली आणि गेली.

मीनाक्षीबाई जागच्या जागी थांबल्या. पर्स त्यांनी पोटाशी आवळली, त्यामुळे त्यांचं काळीज कसं धडधडतंय ते मला डबीतून कळत होतं. लोक अंगाला घासून जात होते. कुणीतरी थबकून विचारलं, "की होलो, दीदी?"

"किछु ना, किछु ना," बाई म्हणाल्या. काही नाही म्हणे! गटार कुठे, भिंत कुठे कळत नव्हतं, पण तोंडावर 'काही नाही'. तो गेला. त्यांनी दिलीपरावांना फोन लावला.

"टॉर्च गेली. पर्समधला सेल कसा घालायचा ते सांगा."

"नको नको, तू हात लावू नकोस! उलटा बसला तर? थांब तिथेच, मी येतो."

"अहो, यायला तासभर लागेल तुम्हाला."

"लागू दे. पण हलू नकोस."

फोन बंद झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. मी तिथेच होतो, काठोकाठ, एवढ्याशा अंतरावर! आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडावंसं वाटलं. पण सेलला कुठला आवाज!

बाई रडल्या असाव्यात, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम म्हणाल्या, "तासभर? मुळीच नाही," आणि पर्सची चेन उघडली.

आधी त्यांनी टॉर्चचं मागचं झाकण फिरवलं. नारिंगी बाहेर आला, तो चटका बसण्याइतका तापलेला. बाईंनी तरी तो सोडला नाही. चाचपून पाहिलं, कुठलं टोक आधी बाहेर आलं? सपाट. म्हणजे बटण आत, पुढच्या अंगाला. तेवढं कळेपर्यंत त्यांनी चटका सोसला, मग तो हातातून निसटला. गटारात डुबुक झालं. बिचारा. खोटं नाव अंगावर घेऊन गेला.

मग डबी उघडली आणि त्यांची बोटं माझ्यावर आली. थंडगार, पण चुकत नव्हती. अंगठा माझ्या बटणावर फिरला, मग बुडावर. पुन्हा बटणावर. बटण पुढे धरून मला आत सोडलं. झाकण आटे धरेना, एकदा तिरकं गेलं, दुसऱ्यांदा बसलं. खटका दाबला.

काय सांगू! इतके महिने कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली. एक सायकलवाला डोळ्यांवर हात धरून बंगालीत काहीतरी करवादला. आणि बाईंच्या पुढच्या पावलाशीच पाइपासाठी खणलेला खड्डा होता, सकाळी नव्हता तो. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळसा घालून चालू लागल्या.

दमदमला उतरल्या तर दिलीपराव फलाटावरच, स्वेटर उलटा घातलेला, बराकपूरच्या गाडीची वाट बघत. बायकोला बघून त्यांचे डोळे भरले आणि मग अर्थातच ते रागावले.

"थांब म्हटलं होतं ना मी!"

"थांबले असते तर अजून तिथेच उभी असते."

"उद्याच्या उद्या राजीनामा दे. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

"देणार नाही. दोन वर्षं आहेत ती मी पुरी करणार," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "आणि आजपासून सेल मी बदलणार. तुम्ही नुसते निवडा. ते तुम्हाला छान जमतं."

दुसऱ्या दिवशी शाखेत त्यांनी सांगून टाकलं, टॉर्च कुत्र्यांसाठी नाही. कुणी मागच्या खोलीत बसवलं नाही. शेजारच्या टेबलावरची बाई फक्त चिडली, "आगे बोलेन नि केनो?" आधी का नाही सांगितलंत, एवढंच तिचं म्हणणं. त्याच रविवारी कपबश्या वर्तमानपत्रातून बाहेर निघाल्या. एकीचा कान बदल्यांमध्येच उडाला होता.

पुढे मी रोज जळलो आणि सुखाने जळलो. पण ते सुरुवातीचे महिने मला बाधले होते. आम्हाला भरून, तुंबवून ठेवलं की आम्ही आतून म्हातारे होतो. दुसरा हिवाळा लागला तसा मी लवकर दमायला लागलो. टॉर्चच्या खटक्याशी एक बारीक दिवा आहे, सेल उतरला की तो लाल होतो. तो आता घराच्या आधीच लाल व्हायला लागला. दिलीपरावांनी लगेच माझ्याच जातीचा नवा सेल आणला, या वेळी एकाच फेरीत.

आणि मीनाक्षीबाई काय म्हणाल्या? "याने मला खड्ड्यातून वाचवलंय. नवा राहू दे जपून."

तेच वाक्य, आता बाईंच्या तोंडी! नवा गेला त्याच प्लास्टिकच्या डबीत, त्याच पर्समध्ये. तो आत कसा तळमळत असेल ते मला ठाऊक होतं. आणि मी? ज्याला कामाची एवढी हाव, तोच रोज संध्याकाळी मनात म्हणत होतो, बाई, मला आज नका घालू. मी कधी दगा देईन ते माझं मलाच सांगता येणार नाही. प्रेमाने ठेवताय, पण प्रेमावर टॉर्च चालत नाही हो.

पौषातल्या धुक्याची संध्याकाळ होती. गल्लीत शिरताच मी लाल झालो. मुद्दाम म्हणाल तर तसं काही सेलला करता येत नाही. पण झालो खरा. मीनाक्षीबाई थांबल्या. त्या तांबड्या ठिपक्याकडे बघितलं.

"बरं बाबा, कळलं," असं मला म्हणाल्या आणि तिथेच उभ्या उभ्या, फोन न करता, कुणाला न विचारता, मला काढून नव्याला बसवलं. झाकण पहिल्याच फेरीत बसलं. मला डबीत ठेवण्याआधी अंगठा एकदा माझ्या बटणावरून फिरला.

आता मी दमदमच्या घरी खणात आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलीय, बाईंनी सांगितलं आणि दिलीपरावांनी लावली. न्यू टाउनमध्ये जुने सेल गोळा करायची पेटी आहे, तिथे ते मला रविवारी नेऊन टाकणार आहेत. तुम्हीही तेवढं करा. आम्हाला केरात टाकू नका. आम्ही पेट घेतो, आणि तो आमचा स्वभाव नसतो, तुमचा निष्काळजीपणा असतो. घ्यायचं तर आकड्याला भुलू नका. आणि चांगलं पारखून घेतलंत ना, मग वापरा. अडीनडीची वाट बघत बसू नका.

पाच वाजून गेलेत. बाहेर अंधार पडलाय. दिलीपरावांनी चहा केला, पाहुण्यांच्या कपात ओतला आणि न पिता तसेच बसलेत. मध्येच खिडकीशी जातात, परत येतात. माझ्या अंगात वीज नावाला उरली आहे, तरी चुळबूळ जात नाही. गल्ली ओलांडली असेल का? नवा नीट जळतोय ना? गाडी मिळाली असेल?

बेल वाजली.

"अहो, दार उघडा लवकर. नोलेन गूळ आणलाय, खजुराचा पातळ, पिशवीतून गळतोय."

आल्या. आता उद्या पाचपर्यंत मी निवांत.