मला माझी पाठ दिसत नाही

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. किती जुना, ते मात्र विचारू नका, कारण त्यावर या घरातच एकमत नाही. आई म्हणते, बिट्टीला पहिला दात आला त्या वर्षी मी आलो. बाबा म्हणतात, छे, दात आधी, एसी नंतर. बिट्टी आता सातवीत आहे. तिचे दुधाचे दात पडून नवे आले, माझा मात्र एकही स्क्रू अजून बदललेला नाही, हे मी छाती फुगवून सांगतो. पुढे सांगायचं आहे ते इतकं गोंधळाचं आहे, की छाती आत्ताच फुगवून घेतलेली बरी.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. कुणी तांब्याच्या नळ्या वाकवल्या, कुणी पंखा बसवला, कुणी पोटात कॉम्प्रेसर ठेवला. शेवटी चाचणी. माझ्या आधीच्या एसीने चाचणीच्या खोलीत इतका गारठा केला, की तपासनीसबाईंची शाई पेनातच थिजली आणि त्याला ‘पास’ लिहायला त्यांना उन्हात जाऊन उभं राहावं लागलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण गोदामात तोच माझ्या शेजारच्या खोक्यात होता, त्याने सांगितलं. तो कशाला खोटं बोलेल?

मी खिडकीतला एसी. तोंड खोलीत आणि पाठ रस्त्याकडे, असा माझा जन्मभराचा मुक्काम. समोरून गारवा सोडायचा आणि खोलीतली उष्णता पाठीवाटे बाहेर टाकायची, एवढंच माझं काम. समोरून गोड आणि पाठीमागून धुमसणारी माणसंही असतात म्हणे, पण त्यांना त्याचा पगार मिळतो.

माझी खोली म्हणजे आईची शिवणाची खोली. मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, खिडकीजवळ शिलाई मशीन, कोपऱ्यात कपडे अडकवायचा बिनडोक्याचा पुतळा. मखमल, सॅटिन, जाळी अशा नाजूक कापडांचं काम आईकडे येतं. कापडाचा भुसा सगळा माझ्या नाकात. पण दर रविवारी आई माझी जाळी काढून नळाखाली धुते, जुन्या दात घासायच्या ब्रशने कोपरे घासते, आणि म्हणते, “घ्या, झाली आंघोळ.” इतक्या वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही.

आता या घराची एक खोड सांगतो, कारण पुढचं सारं रामायण तिच्यामुळेच घडलं. इथे कुठलीच वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोटला कव्हर, बाबांच्या चष्म्याच्या डबीलासुद्धा कव्हर. मामा म्हणतो, “ताईसमोर फार वेळ गप्प बसू नये, माप घेते.” मग मी तरी कसा सुटणार? थंडीत मी बंद असतो, तेव्हा पाठीवर धूळ बसते आणि कबुतरं संसार थाटतात. म्हणून एके वर्षी आईने टेप घेऊन माझं माप घेतलं. छाती, उंची, खोली. कंबर कुठे ते सापडेना, तेव्हा वहीत लिहिलं, “कंबर नाही, सगळं एकसारखं.” माझ्या रंगाचं कापड मिळवायला ती चार दुकानं फिरली. तोंडाशी इलॅस्टिक, बांधायला चार नाड्या, कोपऱ्यांना चिमट्या, म्हणजे बारीक चुण्या. ते कव्हर माझ्या पाठीवर असं चपखल बसलं, की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं, “तुमच्या एसीला मागून रंग दिला का हो?” आई आठवडाभर हसत होती.

थंडी सुरू झाली की कव्हर घालायचं आणि उन्हाळा आला की काढायचं, हे काम बाबांचं. जिन्याच्या वळणावरच्या खिडकीतून हात लांब केला की माझी पाठ लागते. तिथे उभे राहून बाबा नाड्या सोडत आणि माझ्या पाठीवर दोन थापा मारून म्हणत, “चला, लागा कामाला.”

काय ते दिवस होते, मित्रांनो! मी असा काही गारठा करत असे, की भिंतीवरची पाल आईच्या चिंध्यांच्या डब्यातून लोकरीचा तुकडा पळवून गळ्याभोवती गुंडाळायची. नाही पटत? पालीला विचारा. गिऱ्हाइकं कपड्याचं माप द्यायला सांगितलेल्या वेळेआधी यायची आणि माप देऊन झाल्यावरही उठायची नाहीत. “तुमच्याकडे काय बाई गार वाटतं,” असं म्हणायची. आई मान वर न करता म्हणायची, “तो आहे ना.” तो म्हणजे मी.

मग हे वर्ष आलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाबा पायरीवरून घसरले आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून खाटेवर पडले. त्याच सुमाराला बिट्टीच्या शाळेने नाचाच्या कार्यक्रमासाठी बावीस झगे आईकडे टाकले. पांढऱ्या सॅटिनचे. सॅटिनचं कसं असतं सांगू? घामाचा एक थेंब पडला की तो वाळतो, पण गोल डाग तसाच राहतो. धुतला की चकाकी जाते. म्हणजे बावीस मुलींची इभ्रत आणि आईचं नाव, दोन्ही माझ्या गारव्यावर टांगलेली.

आईच्या मदतीला मामा राहायला आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला काम सांगितलं, की तो आधी मत सांगतो. बाबांनी खाटेवरून हाक मारली, “अरे, तेवढं जिन्यातून एसीचं कव्हर काढून टाक.” मामा गेला, वाकून पाहिलं आणि परत आला.

“दाजी, काढलेलंच आहे की. नुसता एसी दिसतोय.”

बाबांना वाटलं, आईने काढलं असेल. आईला वाटलं, मामाने काढलं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. थंडीभर अंगात असलेला सदरा कुणाला जाणवतो का?

आईने बटण दाबलं. मी नेहमीसारखं घुर्रर्र केलं. पाच मिनिटं बरं वाटलं. मग पोटात आग पडली. सातव्या मिनिटाला डोकं गरगरलं आणि दहाव्या मिनिटाला माझा कॉम्प्रेसर खट् करून बंद पडला. नुसता पंखा फिरत राहिला. मी घाबरलो. मला वाटलं, मी झोपेत पंखा झालो की काय? पुन्हा बटण, पुन्हा घुर्रर्र, पुन्हा खट्. तीन दिवस हेच. आईने कपाळाला टॉवेल बांधला, तरी एक थेंब सुटलाच. अकरा झगे झाले होते, त्यातल्या अकराव्याच्या छातीवर नाण्याएवढा डाग.

पहिला मेकॅनिक आला. त्याला मी टकटक म्हणतो, कारण त्याने स्क्रू-ड्रायव्हरने माझ्या तोंडावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, “गॅस गेलाय, काकू.”

“कुठे गेला?” बिट्टीने विचारलं.

“हवेत.”

“कधी येईल?”

“मी घेऊन येईन, पुढच्या आठवड्यात.”

तो गेला आणि मला एकदम रिकामं रिकामं वाटायला लागलं. खरंच, आत काहीच नाही! आपण इतके दिवस नुसता डबा होतो?

दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तो बोलण्याआधी सुस्कारा सोडायचा. “किती वर्षं झाली?” सुस्कारा. आईने सांगितलं. आणखी मोठा सुस्कारा. “मागून बघायला जागा आहे?” बिट्टीने त्याला जिन्यात नेलं. त्याने वाकून पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, “बाहेरून तर टकाटक आहे हो. एक ओरखडा नाही. म्हणजे आतूनच खलास. कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या.”

झालं. कालपर्यंत मी रिकामा होतो, आज खलास झालो. गंमत बघा, त्याने म्हटल्याबरोबर माझ्या पोटात खरोखरच कळ आली.

घरात वाद सुरू झाला. मामा म्हणाला, “ताई, नवा घे. आता आवाजावर चालणारे मिळतात. नुसतं ‘गार हो’ म्हणायचं.”

“तुला आम्ही रोज ‘ऊठ’ म्हणतो, तू चालतोस का आवाजावर?” आई म्हणाली.

बाबा खाटेवरून म्हणाले, “दुरुस्तच करू. इतक्या वर्षांचा आहे, असा टाकायचा?” संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रात नव्या एसीची जाहिरात पाहिली आणि म्हणाले, “नवाच बरा दिसतो.” तेवढ्या वेळात मामाचंही मत फिरलं होतं. “नाही दाजी, जुन्याचा पत्रा बघा! असा पत्रा आता येत नाही.” मी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. माझी बाजू कुठली, तेच मला कळेना. बिट्टीने माझ्या जाळीवर हात ठेवून विचारलं, “तुला काय वाटतं रे?” मी म्हणालो, घूंऽऽ. ती आईला म्हणाली, “तो घूं म्हणतोय. म्हणजे हो की नाही?” मलाही ते सांगता आलं नसतं.

शेवटी आईने हातातली कात्री टेबलावर ठेवली. “दुरुस्त करा, नाहीतर बदला, मला काही म्हणजे काही फरक पडत नाही. शुक्रवारी कार्यक्रम आहे. अकरा झगे व्हायचेत आणि एक डागाळलाय. मला उद्या गारवा पाहिजे. दुकानात फोन करा.”

फोन झाला. मी ठरलो, म्हणजे माझं जाणं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून दोन माणसं आली, एक मिशाळ आणि एक उंच. त्यांनी नव्याचं खोकं दाराशी ठेवलं. खोक्यावर बर्फाचे डोंगर छापले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आई माझ्याकडे पाठ करून शिवत होती, पण मशीनचा आवाज येत नव्हता. उंच माणसाने माझे स्क्रू सोडले. मिशाळ म्हणाला, “एक, दोन, तीन, ओढ!”

मी निम्मा आत आलो आणि अडकलो. कसली तरी नाडी खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्यात गुंतली होती. त्यांनी पुन्हा हिसका दिला. मी धपकन टेबलावर आलो आणि मिशाळ माझ्या मागे वाकून बघतच राहिला.

“काकू, याला परकर कुणी घातलाय?”

बिट्टी धावत मागे गेली, पण नुसतं बघून तिलाही कळेना. मग तिने बोटांच्या चिमटीत धरून कापड ओढलं, इलॅस्टिक सुटलं आणि कव्हर तिच्या हातात आलं. आत माझी खरी पाठ, नळ्या आणि जाळ्या, धापा टाकत असलेली.

बाबा कुबड्यांवर दारात आले. “मी याला काढायला सांगितलं होतं.”

“मी बघितलं ना!” मामा म्हणाला. “एसीच दिसत होता. ताई, इतकं बेमालूम शिवायचं असतं का गं?”

“बघितलंस. हात लावलास का?”

मामाला अचानक छतात फार काहीतरी दिसायला लागलं. आई कव्हर हातात घेऊन उभी होती. चिमट्या बघत होती, शिवण बघत होती. तिला रडू येत होतं की हसू, ते मला कळलं नाही. बहुधा तिलाही नसेल.

“लावा परत,” ती म्हणाली.

“नवा?” उंच माणसाने विचारलं.

“हाच.”

त्यांनी मला पुन्हा खिडकीत बसवलं, असाच, उघड्या पाठीने. आईने बटण दाबलं. बिट्टीने माझ्या जाळीला शिवणाचा पिवळा दोरा बांधला आणि समोर गाल धरून बसली. पाच मिनिटं. दहा. मी ‘खट्’ची वाट पाहत होतो. खट् आलंच नाही. पाठीवरून उष्णता सळसळत बाहेर गेली, दोरा ताठ उडायला लागला आणि पंधराव्या मिनिटाला बिट्टी ओरडली, “आई, कान गार झाला!” वीस मिनिटांनी मिशाळाने शर्टाची वरची गुंडी लावली. पालीचं मी सांगत नाही, तुम्ही मला थापाड्या म्हणाल.

मिशाळाने माझ्या पोटाला कान लावला. “खरं सांगू का काकू? चालतोय झकास. पण वय झालंय, हे काही खोटं नाही. दोन उन्हाळे काढेल, तीन काढेल, नाहीतर येत्या मंगळवारीच बसेल. याचं काही सांगता येत नाही.”

“माझं तरी कुठे सांगता येतं?” आई म्हणाली आणि तिने मशीन सुरू केलं. बर्फाचे डोंगर आले तसे जिना उतरून गेले.

शुक्रवारी बावीसच्या बावीस झगे तयार होते. डागावर आईने टिकल्यांचं फूल शिवलं. ते एकाच झग्याला असल्यामुळे तो झगा घातलेल्या मुलीला शाळेच्या बाईंनी नाचात मधोमध उभं केलं.

आता या थंडीसाठी आईने मला नवं कव्हर शिवलं आहे. लालभडक. त्याला एक लांब पट्टी आहे. ती चौकटीच्या फटीतून आत येते आणि थेट बटणासमोर लोंबते. कव्हर अंगावर असेल तोवर पट्टी बाजूला सारल्याशिवाय कुणाला मला सुरू करता येणार नाही. समोरच्या इमारतीतल्या बाई विचारतात, “तुमचा एसी मागून लाल का हो?” आई आता हसत नाही. म्हणते, “असू द्या, दिसायलाच पाहिजे.”

मित्रांनो, मी जुना झालो आहे की नाही, हे मला अजूनही नक्की माहीत नाही. कधी वाटतं झालो, कधी वाटतं छे. माझी जाळी धुणारी, माझं माप घेऊन कव्हर शिवणारी माणसं मला मिळाली, आणि त्यांच्याच मायेखाली मी गुदमरलो, याचं मी काय करावं, तेही मला कळत नाही. पण एक विनंती करतो. तुमच्या घरात कुणी तापलं, दमलं, मध्येच गप्प व्हायला लागलं, यंत्र असो की माणूस, तर ते संपलं असं ठरवण्याआधी एकदा त्याच्या मागे जा. आणि मामासारखं नुसतं बघून परत येऊ नका. पाठीवर हात ठेवून बघा.