दोन हाका

मित्सुकोबाईंचं इंग्रजी माझ्याहून वाईट होतं, आणि तेवढ्यासाठीच त्या मला आवडायच्या. बाकीचे पाहुणे असं फाडफाड बोलतात की ते मागतात चहा आणि मी नेऊन देते टॉवेल. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी मित्सुकोबाईंपुढे शहाणी ठरायचे.

बाई साठीच्या, जपानच्या. मुलगा तळेगावच्या एका कारखान्यात मोठा साहेब. फ्लॅटमध्ये दिवसभर भिंती बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून त्या अधूनमधून कार्ल्याला शालूमावशींच्या होमस्टेवर येऊन राहायच्या. मी तिथं कामाला आहे. पाहुण्यांचं हवं-नको बघायचं आणि त्यांना फिरवून आणायचं. मला परदेशी पाहुण्यांची गाईड व्हायचं होतं आणि बाईंना हातपाय धड आहेत तोवर एकटीनं जग फिरायचं होतं. दोघींचं घोडं इंग्रजीपाशीच पेंड खात होतं.

बाईंनी स्वतः रंगवलेली कार्डं आणली होती. वर चित्र त्यांच्या देशातलं, खाली इंग्रजी शब्द. दुकानाबाहेर टांगलेला कागदी कंदील, खाली लँटर्न. ओढ्यावरचा लाल पूल, खाली ब्रिज. गरम पाण्याच्या कुंडात मानेपर्यंत बुडून बसलेल्या म्हाताऱ्या आणि वर उठणारी वाफ, खाली स्टीम. आजही मला स्टीम म्हटलं की चहाचं पातेलं आठवत नाही, त्या म्हाताऱ्या आठवतात. मी कधी पुण्याच्या पुढे गेलेली नाही, पण माझं निम्मं इंग्रजी जपानातून आलंय. त्यांचं इंग्रजी मात्र मावळातलं. बफेलो हा शब्द त्या रस्ता अडवून बसलेल्या म्हशीसमोर उभ्या राहून शिकल्या आणि मड शिकल्या त्या भाताच्या खाचरात ढोपरापर्यंत रुतून. चूक झाली की मला वाकून सॉरी म्हणायच्या. मी म्हणायचे, अहो बाई, मास्तरणीला एवढा मान आमच्याकडे कोणी देत नाही.

भाद्रपदात वरच्या पठारावर सोनकी फुलते. सगळं पठार पिवळं होतं. ते बघायचं म्हणून बाई हटून बसल्या. शालूमावशींनी मला बजावलं, "कोंडूआबाला बरोबर घे. बाईंना जशी नेशील तशी माघारी आण. परक्याची आई आहे." कोंडूआबा वरच्या ठाकरवाडीतले. त्यांची गुरं पावसाळाभर त्या पठारावरच असतात.

सकाळी ऊन होतं. निम्मी चढण झाली आणि खालच्या दरीतून धुकं वर यायला लागलं. आबा थांबले, खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि मला म्हणाले, "पोरी, एक ध्यानात ठेव. धुक्यात कुनी हाक मारली तर वो द्यायची न्हाई. तिसरी हाक आल्याबिगर न्हाई. मानूस तीनदा हाक मारतो. चकवा दोनदाच मारतोय."

"व्हय आबा," मी म्हणाले. चकव्याचं मी पाळण्यातून ऐकत आलेय. ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो आणि वाट चुकवून कड्यावर नेतो.

"आनि आपुन बी नाव घिऊन हाक मारायची न्हाई. नाव धुक्यात सोडलं की त्यो उचलतोय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाले, असं त्यांना विचारायचं होतं. चकव्याचं कार्ड काही आमच्याकडे नव्हतं. मी म्हणाले, "फॉग." त्या खूश झाल्या, दोनदा म्हणून पाहिलं.

वर पोचलो तेव्हा सोनकी होती, पण हातभर अंतरापुरतीच. पलीकडे सगळं पांढरं. पठारावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथं आम्ही थांबलो. आबा पलीकडे गुरांचा माग बघत होते. बाई फुलांशी उकिडव्या बसल्या होत्या. मी वाकून बाटली भरली. पाणी गार होतं म्हणून तोंडावरही मारलं. मान वर केली तर बाई नव्हत्या.

आधी मला राग आला. म्हातारं माणूस, सांगून जावं की नाही! दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे केली. पिवळी फुलं आणि धुकं, दुसरं काही नाही. मग कडा आठवला. त्या पठाराला दरीच्या बाजूनं सरळ तुटलेला कडा आहे आणि सोनकी अगदी त्याच्या ओठापर्यंत फुलते. धुक्यात जमीन कुठं संपते ते डोळ्यांना कळत नाही, पायालाच कळतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आबांचा राठ हात माझ्या तोंडावर आला. ते कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. "नाव घिऊ नगं," ते कुजबुजले. "माज्या मागनं ये."

आम्ही दोघं मुक्यानं शोधत फिरलो. आबा काठीनं जमीन चाचपत पुढे, मी त्यांच्या घोंगडीचं टोक धरून मागे. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांना सोडून एक पाऊल टाकायची छातीही होत नव्हती. मोबाईलला तिथं रेंज नसते. खाली जाऊन बाईंच्या मुलाला, त्या साहेबाला काय सांगायचं, हा विचार सुटत नव्हता. तुमची आई फुलं बघताना हरवली असं इंग्रजीत कसं म्हणायचं, हेसुद्धा मी जुळवून पाहिलं. ते जुळलं, म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात हाक आली.

"आपेकुशा-सान!"

माझं नाव अपेक्षा. बाईंना ते कधी नीट जमलं नाही, आणि मागे जपानी रीतीनं मानाचं सान लावायच्या. आवाज त्यांचाच, उतारावरून येणारा. आबांनी माझं मनगट आवळलं. पुन्हा आली, "आपेकुशा-सान!" मग सगळं गप्प.

"तिसरी यिऊ दे," आबा म्हणाले.

आम्ही थांबलो. तिसरी आली नाही. घोंगडीवरून पाणी निथळत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मी म्हणाले, "आबा, बाईच आहेत त्या. माझं नाव असं दुसरं कोणी घेत नाही."

"त्यो आवाज घेतोय म्हटल्यावर नाव बी तसंच घील की."

दिवसाउजेडी कार्ल्याच्या फाट्यावर मी हसले असते. तिथं मला खरंच वाटायला लागलं की बाई कधीच खाली पडल्यात आणि त्यांचा आवाज तेवढा वर राहिलाय.

मग पुन्हा दोन हाका आल्या, आधीपेक्षा लांबून आणि खालून. त्यांच्यामागून दगड सुटल्याचा आवाज आला. दगड घरंगळला आणि मग ऐकू येईनासा झाला. खाली आपटल्याचं काही ऐकू आलंच नाही.

मी आबांचा हात झिडकारला. चकवा तर चकवा. खाऊ दे मला, पण ती बाई माझ्या भरवशावर वर आली होती. मी ओरडले, "मित्सुको-सान! स्टॉप!"

उत्तर नाही. चिटपाखरू नाही. पण कोणीतरी श्वास धरून ऐकतंय असं मला वाटलं, आणि ती शांतता मला ओळखीची वाटली. थोड्या वेळापूर्वी मी अशीच गप्प बसले होते. बाई घाबरल्या होत्या. त्यांना माझा आवाज माझा वाटत नव्हता.

मी मीच आहे हे धुक्यातून कसं सांगायचं? नाव कोणीही घेईल. आवाज कोणीही काढेल. मग जे आम्हा दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, तेच मी ओरडायला लागले.

"लँटर्न!"

काही नाही.

"ब्रिज! रेड ब्रिज!"

काही नाही. माझा आवाज चिरकायला लागला होता.

"स्टीम! ओल्ड लेडी, हॉट वॉटर, स्टीम!"

मग धुक्यातून बारीक, रडवेला आवाज आला, "मड."

"व्हय, मड!" मी किंचाळले. "मड!"

"बफेलो," पलीकडून आलं.

मला रडू फुटलं. "सिट! मित्सुको-सान, सिट डाउन! नो वॉक!" आणि मी त्या आवाजाच्या रोखानं रांगत निघाले. एक शब्द मी टाकायचा, एक त्यांनी द्यायचा. आबा माझा पाय धरून मागून सरपटत होते आणि स्वतःशीच बडबडत होते, "बाईच हाय, बाईच हाय. चकव्याला इंग्रजी कुटं येतंय!"

बाई सोनकीत बसल्या होत्या, दोन्ही मुठींत फुलांची झुडपं धरून. त्यांच्या बुटांच्या पुढे फुलं नव्हती. तिथं फक्त धुकं वर येत होतं. आबांनी काठी पुढे केली, मी बाईंच्या काखेत हात घातले आणि आम्ही त्यांना मागे ओढलं. तसंच धरून टाक्यापाशी आणलं.

तिथं आबांनी आपली घोंगडी बाईंच्या अंगावर टाकली. बाई वाकून सॉरी म्हणाल्या. मी विचारलं, दोनदाच का हाक मारली, ओरडत का नाही राहिलात? त्यांनी तोडकंमोडकं सांगितलं. त्यांच्या आजीच्या डोंगरातल्या गावी म्हणायचे, एकदाच हाक आली तर तो माणूस नव्हे, ओ द्यायची नाही. माणूस दोनदा हाक मारतो. म्हणून त्यांनी दर खेपेला दोनदाच मारली आणि मी ओ देण्याची वाट बघितली. मी मात्र त्यांना एकदाच हाक मारली होती.

मी ते आबांना सांगितलं. आबा पोट धरून हसले. "म्हंजी ही दोनावर थांबली आनि मी तिसरीची वाट बघत बसलो! आरं द्येवा, दोगं शाने मिळून मारत व्हतो की म्हातारीला!" मीही हसले. बाईंना काही कळलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून त्याही हसल्या. भीती उतरली की असं येड्यासारखं हसू येतं.

हसता हसताच मी त्यांना म्हटलं, पण टाक्यापासून उठून गेलात कशाला? मला सांगायचं ना.

बाईंनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "यू कॉल," त्या म्हणाल्या. तू बोलावलंस. मग माझ्यासारखाच आवाज काढून, लाडानं, त्यांनी करून दाखवलं, "मित्सुको-सान, धिस वे प्लीज." आणि त्यांनी दोन बोटं वर केली.

धिस वे प्लीज हे मला त्यांनीच शिकवलेलं. पाहुण्यांना पुढे न्यायचं तेव्हा म्हणायचं. मी तेव्हा टाक्यावर वाकून पाणी भरत होते. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

इतके दिवस मी पाहुण्यांचं बोलणं कळावं म्हणून जीव टाकत होते. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"आपेकुशा-सान?" बाईंचा चेहरा उतरायला लागला. "यू कॉल? येस?"

"येस," मी म्हणाले. "मी कॉल." आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

आबांचं हसू थांबलं होतं. त्यांनी बाईंची दोन बोटं बघितली होती आणि माझं तोंडही. "काय म्हनत्यात?" त्यांनी विचारलं.

"खाली चला आबा," मी म्हणाले.

वर येताना सगळ्या वाटेनं आबा पुढे होते. आता त्यांनी आम्हा दोघींना पुढे घातलं, काठी आडवी धरली आणि स्वतः मागे राहिले.