मानपत्रातलं एक वाक्य

भाऊसो कांबळेंनी मानपत्र स्वतःच लिहिलं होतं, आणि त्यातल्या एका वाक्यापायी चार दिवस त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. वाक्य तसं साधं: ‘आपण घडवलेली तथागतांची मूर्ती आम्ही बेचाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जशीच्या तशी जपली आहे.’ आता सत्काराच्या कागदात असलं काहीतरी लिहावंच लागतं म्हणा. पण जशीच्या तशी? अहो, त्या मूर्तीच्या तोंडावर कानस चालवलेला माणूसच हे लिहितोय म्हणजे कमाल झाली की!

सत्कार होता लिनमास्तरांचा. मास्तर मूळचे चीनचे. नऊ वर्षांचे असताना बापाबरोबर कोल्हापुरात आले. बाप दातांचा डॉक्टर, मंगळवार पेठेत दवाखाना. पोरगं मात्र दात सोडून माणसांची अख्खी तोंडंच घडवायला लागलं. मास्तरांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले, नाटकांचे पडदे रंगवले, गावोगावच्या चौकांत पुतळे उभे केले. आता सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि तोंड उघडलं की अस्सल पेठेतले वाटायचे. एवढं काम करून त्यांच्या गळ्यात कुणी साधा हार घातला नव्हता.

भाऊसोंची नात संघप्रिया चित्रकला शिकत होती. तिनं मास्तरांना हुडकून काढलं आणि आजोबांच्या मागंच लागली. “विहाराचे अध्यक्ष तुम्ही हाय न्हवं? मग करायचाच सत्कार!” भाऊसो नको कसं म्हणणार? चोराच्या मनात चांदणं. नको म्हटलं तर का नको हे सांगावं लागलं असतं.

झालं होतं असं. त्र्याऐंशी साली वस्तीनं विहार बांधला आणि मास्तरांकडून सिमेंटची बुद्धमूर्ती करून घेतली. दोन महिने मास्तर विहारामागच्या पत्र्याच्या शेडात राबले. भाऊसोंची आई तानूबाई त्यांना दुपारची भाकरी नेऊन द्यायची आणि ते जेवून कामाला लागले तरी तिथंच बसून तांदूळ निवडायची.

मूर्ती उभी राहिली आणि कुजबुज सुरू झाली. डोळे बारीक, मिटल्यासारखे. गालाची हाडं वर आलेली. “ह्यो तर चिनी बुद्ध झाला की रं! आपल्या माणसागत दिसंनाच.” कुणीतरी बासष्टच्या लढाईचं काढलं. भाऊसो तेव्हा पंचविशीतले, फाउंड्रीत कामाला, हाताला कानशीची सवय. वर शाळेत ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा बी ग्रेडनं पास झालेले. अख्ख्या वस्तीत तेवढाच काय तो कलावंत! मास्तर निघून गेल्यावर भाऊसो स्टुलावर चढले, पापण्या कानसून काढल्या, गाल घासले, पांढऱ्या सिमेंटचे मोठे टपोरे डोळे केले आणि वरून सोनेरी रंग मारला.

आई दारात उभी होती. “राहू दे की रं भाऊ, बरं हाय की ते,” एवढंच म्हणाली.

“आई, तुला काय कळतंय त्यातलं?” भाऊसो खेकसले.

ती पदर सावरत घरी गेली. उद्घाटनाला मास्तरांना बोलावलं नाही. बोलवायचं राहून गेलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी आईही गेली. तिचा एक फोटो घरात नव्हता. फोटोवाला दिसला की ती पदर तोंडावर ओढायची. “पणजी कशी दिसायची हो?” असं संघप्रिया लहानपणी विचारायची, आणि भाऊसोंना कधी धड सांगता आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याही डोळ्यांसमोरून ते तोंड पुसट झालं होतं.

सत्काराच्या दिवशी भाऊसोंनी खुबीनं मंडप अंगणात टाकला, म्हणजे मास्तरांना आत जायचं कारणच नको. तरीही मूर्तीच्या गळ्यात इतके हार घातले की हनुवटी दिसेना. डोळे मात्र काही झाकता येईनात.

मास्तरांना फेटा बांधला, शाल पांघरली. भाऊसो मानपत्र वाचायला उभे राहिले. ते वाक्य आलं तेव्हा गाळता आलं असतं, पण संघप्रिया समोर मोबाईल धरून उभी. त्यांनी ते जरा जास्तच मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या. मूर्ती कानसताना भाऊसोंचं स्टूल धरून उभा राहिलेला बाळासो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. भाऊसोंना स्वतःचीच किळस आली.

मास्तरांनी माईक घेतला. “मी काय भाषण करत न्हाय. बोलावलंसा, बरं वाटलं. आता एक काम करा. मला तानूबाईस्नी भेटवा.”

म्हाताऱ्याला भ्रम झाला असावा, असं भाऊसोंना वाटलं. ते हळूच म्हणाले, “मास्तर, आईला जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली.”

“ते ठाव हाय की मला. पर आत हाईत न्हवं त्या?” मास्तर हसले. “त्यांचंच तोंड घेतलंय मी मूर्तीला. तांदूळ निवडताना पापण्या अशा खाली यायच्या. म्हटलं, शांत तोंड म्हंजे आणि काय असतंय? हितल्याच माणसाचं पायजे हुतं मला. त्यास्नी सांगिटलं तर लाजल्या. कुणाला बोलू नगासा म्हणाल्या. माझा ल्योक भाऊ बघून आपणहून वळखंल, म्हणाल्या.”

भाऊसो मास्तरांना अडवायला पुढं झाले. तोवर संघप्रिया मास्तरांचा हात धरून त्यांना विहारात घेऊन गेली होती. मागोमाग सगळी वस्ती आत शिरली.

मास्तर मूर्तीकडं बघत उभे राहिले. मग वळले. “हे डोळं कुणी केलं?”

सांगणारं कुणी नव्हतं, भाऊसोंनाही गप्प बसता आलं असतं.

“मी केलं, मास्तर,” भाऊसो म्हणाले. “चिनी दिसत्यात म्हणून कानसलं. आई नको म्हणत हुती. मी तिच्यावरच वरडलो. आणि मघाशी वाचलं ते सगळं खोटं हाय.”

संघप्रियानं मोबाईल खाली घेतला. ती आजोबांकडं अशी बघत होती की त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“मास्तर, मला शिव्या द्या, पायताण काढा,” भाऊसोंनी हात जोडले. “पर एकदा काढून द्या तिचं तोंड. कसं बी काढा. ह्या पोरीनं तिला कधी बघितलं न्हाय. मला बी आता आठवत न्हाय.”

संघप्रियानं पिशवीतून पेन्सिल काढली. कागद म्हणून मानपत्रच उलटं करून दिलं. मास्तरांनी खाली बसून ते मांडीवर घेतलं. एक वाकडी रेघ उमटली, पापणीसारखी. मग पेन्सिल थांबली. मास्तर त्या रेघेकडं बघत राहिले आणि त्यांनी मानपत्र भाऊसोंच्या हातात परत दिलं.

“न्हाई रं आठवत, भाऊ,” ते म्हणाले. “म्हणून तर आलतो बघायला.”