आनंदीबाईंच्या खोळी

मित्रांनो, मी बंद पडलो आहे हे विमा कंपनीच्या साहेबांसमोर कळले. १९८७ सालचा श्रावण होता. हरिश्चंद्र यांनी माझी कळ दाबली. दिवा लागला नाही. मग ते शेजारच्या यंत्राकडे गेले. नऊपैकी एकही चालू झाले नाही.

मी जुना संगणक आहे, कपाटाएवढा. मुंबईच्या एका कारखान्यात मी दहा वर्षे पगारपत्रके केली. सणाआधी पगार झाला की लोक माझे कौतुक करत. पुढे नवे यंत्र आले आणि मी भंगारात गेलो. माझी दुरुस्ती करणाऱ्या हरिश्चंद्र यांनीच मला तिथून उचलले. निवृत्त होऊन ते कोकणात कसालला आले, तेव्हा ट्रकमधून माझ्यासह नऊ जुनी यंत्रे आली.

इथली हवा दमट. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवून आम्हाला घातल्या. वैभववाडीची एक शाळा मुलांना जुनी यंत्रे दाखवायला आम्हाला खोली देणार होती. अट एकच, आधी विमा उतरवायचा.

"ह्या भंगाराक बघून सायब हसतलो गो," हरिश्चंद्र म्हणत.

"हसांदे. हसान झालो काय सई करीत. माणसाचो इमो उतरतत, मगे ह्येंचो कित्याक नको?"

ज्येष्ठात आनंदीबाई वारल्या. बाराव्या दिवशी हरिश्चंद्र यांची बहीण हौसाबाई हिने रीतीप्रमाणे वहिनीचे कपडे गोळा केले आणि व्हाळात, गावच्या ओढ्यात, सोडले. खोळी लुगड्यांच्याच, म्हणून त्याही गेल्या. हरिश्चंद्र ओटीवर बसून होते. त्यांनी पाहिले नाही. आषाढभर आम्ही उघडे राहिलो. आतले तांबे हिरवे पडले.

साहेबांनी अर्जातला फोटो पाहून विचारले, "यात आच्छादने दिसतात. ती कुठे आहेत?"

हरिश्चंद्र यांनी फोटो हातात घेतला. मग म्हणाले, "ती तिच्याबरोबर गेली, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावले. "दुरुस्त करून ठेवा. मी दिवाळीनंतर येतो."

हौसाबाईला कळले तेव्हा ती आपली लुगडी घेऊन आली. "दादा, चूक माझीच रे. ही घे. मिया जित्ती आसंय, ह्यांका कोण व्हाळात सोडूचो नाय."

"इतकी भडक? यंत्रा बिथरतली."

डोळे पुसत ती हसली आणि शिवायला बसली. हरिश्चंद्र यांनी ब्रशने एकेक तार घासली. आठ यंत्रे चालू झाली. माझा आतला एक भाग पार कुजला आहे आणि तो आता कुठे मिळत नाही.

मित्रांनो, जपणारे माणूस गेले तरी त्याचे काम कोणीतरी त्याच दिवशी हाती घ्यावे लागते. एवढेच मी शिकलो.

दिवाळीनंतर साहेब आले. म्हणाले, "पहिले नाव खोडा, बाकीच्यांचा विमा आजच करतो." अर्जावरची यादी आनंदीबाईंच्या अक्षरात आहे. पहिले नाव माझे आहे. हरिश्चंद्र यांनी ते अजून खोडलेले नाही.